झोपण्यापूर्वीची शेवटची नजर

(बिरसी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय मी मुद्दाम लहान निवडला आहे. इतका लहान, की तो सेकंदाच्या काही अब्जांश भागांत घडून संपतो. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला काम नसलं की तो झोपतो. वीज वाचवण्यासाठी त्याने झोपायलाच हवं. पण तो झोपायला निघालेला असताना, अगदी त्याच क्षणी, त्याच्यासाठी काम आलं तर? ते काम त्याला ऐकू जातं का? की तो झोपून जातो, आणि ते काम दारात तसंच उभं राहतं? पुढचा तासभर आपण या एका प्रश्नाभोवती राहणार आहोत.

बिरसीला याच्याशी काय देणंघेणं, असं कोणाच्या मनात आलं असेल तर तो प्रश्न रास्त आहे. आपल्या गावाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. आज तिथे वैमानिक घडतात आणि प्रवासी विमानं उतरतात. त्या विमानांच्या काचेच्या पडद्यांमागे प्रोसेसर आहेत. पण मला आधी तुम्हाला धावपट्टीवर नाही, जंगलात न्यायचं आहे.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी आपल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आणून सोडल्या. पुढच्या वर्षी तिसरी आली. त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणाऱ्या कॉलर होत्या. त्याआधी, २०१९ मध्ये, यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला अशीच कॉलर घातली होती. ‘वॉकर’ या नावाने तो पुढे देशभर ओळखला गेला. तो सुमारे ३००० किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तो कुठून कुठे गेला, कोणत्या शेतातून गेला, हे आपल्याला कळलं कारण त्याच्या गळ्यातलं यंत्र ठरावीक वेळाने जागं होत होतं, आपली जागा मोजत होतं, आणि पुन्हा झोपत होतं.

आता एक हिशेब करू. विद्यार्थ्यांनी मनातल्या मनात करावा. समजा बॅटरी २००० मिलिअँपिअर-तासांची आहे. यंत्र सतत जागं राहून १० मिलिअँपिअर खात असेल, तर ती किती टिकेल? २०० तास. आठ दिवस आणि थोडं वर. आणि झोपेत ते फक्त १० मायक्रोअँपिअर खात असेल तर? दोन लाख तास. कागदावर बावीस वर्षांहून जास्त. प्रत्यक्षात बॅटरी आपोआपही उतरते, शिवाय अधूनमधून जागं होऊन उपग्रहाशी बोलायला बराच प्रवाह लागतो, म्हणून बावीस वर्षं कोणाला मिळत नाहीत. पण आठ दिवसांचे महिने होतात, वर्षं होतात, ते झोपेमुळेच. वाघाच्या गळ्यातली बॅटरी दर आठवड्याला कोण बदलणार आहे?

तेव्हा झोप हवीच. आणि झोप हवी म्हटलं की जागं करणाराही हवा.

प्रोसेसरला जागं करणाऱ्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. कळ दाबली गेली, वायरलेसवरून संदेश आला, घड्याळात ठरलेली वेळ झाली, की ते ते उपकरण प्रोसेसरला इंटरप्ट देतं. प्रोसेसर हातातली आज्ञा पूर्ण करतो, आपण कुठे होतो याची नोंद ठेवतो, आलेल्या हाकेपुरतं छोटं काम उरकतो आणि जिथे सोडलं होतं तिथे परत येतो. मूळ कामाला मधे काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

ही सोय पहिल्यांदा हातात आली तेव्हा जाणकार माणसं घाबरली होती. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने एक्स-१ नावाच्या संगणकासाठी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्राम लिहिला आणि १९५९ मध्ये त्याच कामावर डॉक्टरेट मिळवली. त्याची भीती साधी होती. इंटरप्ट कोणत्याही दोन आज्ञांच्या मधे येऊ शकतो. म्हणजे चूक एकदा दिसेल आणि पुन्हा तसाच प्रोग्राम चालवला तर दिसणार नाही. जी चूक पुन्हा दिसत नाही ती शोधायची कशी? मित्रहो, या प्रश्नाला साठ वर्षं उलटून गेली. तो आजही तितकाच ताजा आहे, आणि आजच्या आपल्या विषयाचं मूळ त्यातच आहे.

इंटरप्ट थोपवूनही धरता येतो. नाजूक काम चालू असताना प्रोसेसर म्हणतो, आत्ता नको. तो तेव्हा ऐकत नाही, पण हाक पुसली जात नाही. इंटरप्ट सांभाळणाऱ्या भागात तिची खूण राहते. ही खूण राहिलेली पण अजून न घेतलेली हाक म्हणजे प्रलंबित इंटरप्ट. विमानातही हेच तत्त्व आहे. एअरबस ए-३२० धावपट्टीवर धावत ८० नॉटच्या पुढे गेलं, की जमिनीपासून १५०० फूट चढेपर्यंत, तातडीने काही करण्याची गरज नसलेल्या सूचना वैमानिकाला दाखवल्या जात नाहीत. त्या राखून ठेवल्या जातात आणि नंतर दिसतात. उड्डाणाच्या त्या काही सेकंदांत वैमानिकाचं लक्ष फुटू नये म्हणून हा विचार केलेला आहे. थोपवणं आणि हरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथले प्रशिक्षणार्थी वैमानिक हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतात.

मग हाक हरवते कुठे?

प्रोसेसर झोपायला जाण्याआधी एकदा बघतो: काही काम आहे का? नसेल तर झोपेची आज्ञा चालवतो. आधी नजर टाकणं, मग झोपणं. दोन पायऱ्या. या दोन पायऱ्यांच्या मधे फट आहे.

रात्रीच्या पाळीची लाइट असते ना आपल्याकडे? शेतातल्या खोलीत तुम्ही थांबला आहात. लाइट आली की पलीकडच्या बांधीवरचा मुलगा तुमच्या दाराशी टांगलेल्या पाटीवर खडूने खूण करणार आणि एकच हाक मारणार, असं ठरलं आहे. तुम्ही पाटीकडे पाहता. खूण नाही. तुम्ही अंथरुणाकडे वळता. तेवढ्यात मुलगा येतो, खूण करतो, हाक मारतो. तुम्ही जागेच आहात, तुम्ही ‘हो’ म्हणता. तो निघून जातो. पण पाटी पाहून तुमचा निर्णय आधीच झालेला आहे. पाय अंथरुणाकडेच चालत राहतात. तुम्ही झोपता. पाटीवर खूण आहे, तारेत लाइट आहे, आणि मोटर सकाळपर्यंत बंद.

माणूस असं वागणार नाही. हाक ऐकल्यावर तो विचार बदलेल. प्रोसेसर बदलत नाही. इंटरप्ट उरकून तो जिथे सोडलं तिथे परत येतो, आणि तिथे पुढची आज्ञा काय आहे? झोप. हाक आली, ती घेतलीही गेली, काम नोंदलं गेलं, आणि तरी प्रोसेसर झोपला. आता पुढची हाक कधी येईल? येईलच याची कोणती हमी?

हा धोका जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत जेरोम साल्टझर यांनी १९६६ मध्ये आपल्या प्रबंधात तो नीट मांडला आणि उपायही सांगितला. प्रत्येक झोपणाऱ्यापाशी एक बिट, म्हणजे हो-नाही सांगणारी एक खूण, ठेवा. हाक आली की तो बिट चढतो. झोपायला निघालेल्याने बिट पाहणं आणि झोपणं ही दोन्ही कामं अशी एकत्र बांधा की मधे कोणी येऊ शकणार नाही. बिट चढलेला असेल तर झोप नाकारली जाते. विचार एवढाच, पण पुढची सगळी उत्तरं त्याचीच वेगवेगळी रूपं आहेत.

एक सरळ उपाय कोणालाही सुचेल. नजर टाकण्याआधी इंटरप्ट थोपवून धरा. मग मधे कोणी येणारच नाही. ठीक. पण थोपवलेल्या अवस्थेतच झोपलात तर तुम्हाला उठवणार कोण? आणि झोपण्याआधी थोपवणं काढलंत, तर फट पुन्हा उघडली. पुढे गेलो तर अडचण, मागे आलो तर अडचण. यातून वाट काढायला नुसता प्रोग्राम सहसा पुरत नाही. प्रोसेसर घडवणाऱ्यालाच मदत करावी लागते. निरनिराळ्या घडवणाऱ्यांनी ती निरनिराळ्या प्रकारे केली. यांतले काही मार्ग मला अतिशय सुंदर वाटतात, म्हणून थोडा वेळ त्यांच्यापाशी थांबतो.

तुमच्या कॉलेजात आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड असेल. त्यावरची चिप आहे एटीमेगा-३२८पी. तिला इंटरप्ट पुन्हा सुरू करण्याची एक आज्ञा आहे, एसईआय. तिच्याविषयी चिपच्या माहितीपुस्तकात एक छोटं वाक्य आहे, जे बहुतेक जण वाचून पुढे जातात. एसईआयनंतरची एक आज्ञा, कोणताही प्रलंबित इंटरप्ट घेण्याआधी, हमखास पार पडते. फक्त एक आज्ञा. त्या एका जागी स्लीप ही आज्ञा ठेवा. आता काय होतं पाहा. इंटरप्ट थोपवलेले आहेत, तुम्ही नजर टाकली, काम नाही. थोपवणं काढलं. लगेच पुढची आज्ञा झोपेची. मधे हाक आली असेल तर ती खूण होऊन थांबलेली आहे. ती झोपेच्या आधी घेतली जाऊ शकत नाही. म्हणजे ती झोपेतच पोचते आणि प्रोसेसरला तत्काळ उठवते. फट बुजली. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरांतही एसटीआय आणि एचएलटी या दोन आज्ञांची हीच जोडी आहे. लॅपटॉपपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत ती चालत आली आहे.

विद्यार्थी मित्रहो, इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. त्या दोन आज्ञांच्या मधे तुम्ही चूक शोधण्यासाठी छापण्याची एक ओळ जरी घातलीत, तरी हमी संपली. हमी एका आज्ञेपुरतीच आहे. चाचणीच्या टेबलावर सगळं ठीक चालेल, कारण फट अब्जांश सेकंदांची आहे आणि तुमची चाचणी तासाभराची. मैदानात हजार यंत्रं वर्षभर चालली की ती फट सापडणारच.

मोबाइलमध्ये ज्या घराण्याचे प्रोसेसर असतात त्या आर्मने वेगळा रस्ता धरला. तिथे झोपेची आज्ञा डब्ल्यूएफआय. तिचा नियम असा, की इंटरप्ट थोपवलेले असले तरी प्रलंबित इंटरप्ट असेल तर प्रोसेसर उठतो. तो हाक घेत नाही, पण उठतो. म्हणून इंटरप्ट थोपवा, नजर टाका, निश्चिंत झोपा, उठल्यावर थोपवणं काढा, मग हाक घेतली जाईल. दोन आज्ञा चिकटवून ठेवण्याची कसरत नाही, मधे एखादी ओळ घुसली तरी बिघडत नाही. माझ्या मते हा मार्ग अधिक निर्मळ आहे, कारण तो प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर कमीत कमी ओझं टाकतो. आर्मकडे आणखी एक आज्ञा आहे, डब्ल्यूएफई. तिच्यामागे खरोखरच एक बिट आहे. घटना घडली की तो चढतो; तो चढलेला असताना झोपायला गेलात तर बिट उतरवून प्रोसेसर तसाच पुढे जातो, झोपत नाही. साल्टझर यांचा १९६६ चा बिट. तो आज आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी-४३० या काटकसरी चिपमध्ये इंटरप्ट सुरू करणं आणि झोपणं हे दोन्ही एकाच नोंदवहीतले बिट आहेत, त्यामुळे एकाच आज्ञेत दोन्ही होतं. दोन पायऱ्याच नाहीत, तर फट येणार कुठून?

आणि ज्यांच्याकडे असली मदत नव्हती त्यांनी काय केलं? मिप्स घराण्याच्या प्रोसेसरांसाठी लिनक्स ही कार्यप्रणाली लिहिणाऱ्यांनी केलेला उपाय ऐका. इंटरप्ट आला, तो उरकला, आता परत जायचं आहे. परत जाण्याआधी ते पाहतात, परतीची जागा त्या धोक्याच्या पट्ट्यात आहे का? असेल तर परतीचा पत्ताच बदलतात आणि प्रोसेसरला नजर टाकण्याच्या पायरीवर मागे नेऊन ठेवतात. म्हणजे तो पुन्हा पाटी पाहतो. फट बुजवता येत नाही ना, मग फटीत सापडलेल्याला मागच्या उंबऱ्यावर आणून उभं करायचं. ज्या कोणाला हे प्रथम सुचलं त्याला माझा नमस्कार.

आता महाराष्ट्रात येऊ. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने परम-८००० हा महासंगणक देशासमोर ठेवला. परमची कथा आपण अभिमानाने सांगतो, पण त्याच्या आत काय होतं हे फारसं सांगितलं जात नाही. आत होते ट्रान्सप्युटर, ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीचे प्रोसेसर. आणि या ट्रान्सप्युटरमध्ये आजचा प्रश्न मुळातूनच सोडवलेला होता.

कसा? ट्रान्सप्युटरवर दोन कामं एकमेकांशी बोलतात ती एका मार्गाने, चॅनलने. चॅनल म्हणजे स्मृतीतली एक जागा. दोघांपैकी जो आधी पोचेल तो त्या जागेत आपली ओळख लिहितो आणि झोपतो. जो नंतर पोचेल त्याला ती ओळख दिसते, तो निरोपाची देवाणघेवाण पूर्ण करतो आणि झोपलेल्याला उठवतो. हे सगळं प्रोसेसरच्या आत, एका आज्ञेत. निरोप देणारा आधी आला काय, घेणारा आधी आला काय, निकाल तोच. इतकंच नाही, बाहेरून येणारी हाकही तिथे एक चॅनल म्हणूनच घेतली जाते. ‘काम आहे का’ असं पाहणं आणि ‘नसेल तर झोपणं’ या दोन पायऱ्या तिथे वेगळ्या नव्हत्याच. मला वाटतं, परमच्या वेगाच्या आकड्यांइतकंच हे कौतुकाचं आहे. पुण्यातल्या तरुण अभियंत्यांनी त्या काळात ज्या यंत्रावर हात बसवला, त्याने ही शिस्त आतूनच पाळलेली होती. ट्रान्सप्युटर पुढे बाजारातून गेला. जी चांगली कल्पना त्याच्याबरोबर मागे पडली, ती आपण अभ्यासक्रमात तरी ठेवायला हवी होती.

आतापर्यंत उथळ झोपेबद्दल बोललो. खोल झोपेत प्रकरण अवघड होतं.

उथळ झोपेत प्रोसेसरचं फक्त ठोके देणारं घड्याळ थांबतं. उठायला मायक्रोसेकंद पुरतो. खोल झोपेत त्याचा वीजपुरवठाच तोडतात. त्याआधी तो आपली स्थिती बाजूला लिहून ठेवतो आणि उठल्यावर परत वाचतो. त्याला शंभरावर मायक्रोसेकंद लागू शकतात. एवढा वेळ तयारीत जात असताना हाक आली तर? तयारी अर्ध्यावर सोडून मागे फिरण्याची सोय हवी. म्हणून आर्मच्या मोबाइल चिपमध्ये झोपेची विनंती खालच्या पातळीवरच्या फर्मवेअरकडे जाते, आणि हाक प्रलंबित असेल तर ती विनंती न झोपताच परत येऊ शकते. वरच्या प्रोग्रामने ‘मी झोपून उठलो’ असं गृहीत धरायचं नाही. पुन्हा नजर टाकायची. रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेत तर स्पष्ट मुभा आहे, की झोपेच्या आज्ञेने काहीच केलं नाही तरी चालेल. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ हा प्रोसेसर याच रचनेवर उभा आहे. म्हणजे आपल्या देशात घडलेल्या प्रोसेसरवर प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही नजर टाकण्याचा फेरा पूर्ण लिहायलाच हवा.

आणखी एक पेच आहे. उठवणारं घड्याळच झोपलं तर? इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांत नेमकं हे होत असे. प्रत्येक प्रोसेसरपाशी त्याचं स्वतःचं गजराचं घड्याळ, आणि खोल झोपेत तेही बंद. मग प्रोसेसरच्या बाहेरच्या एका सामाईक घड्याळाला सांगून ठेवावं लागे, की याला अमुक वेळी उठव. पुढे असे प्रोसेसर आले ज्यांचं घड्याळ खोल झोपेतही चालू राहतं.

घड्याळाचीच आणखी एक फट आहे, आणि वाघाच्या कॉलरसारख्या यंत्रात ती सगळ्यात घातक. समजा मोजणी १००० वर आहे आणि १००१ ला उठायचं आहे. तुम्ही गजर लावेपर्यंत मोजणी १००१ ओलांडून गेली. आता गजर कधी वाजेल? मोजणी पूर्ण फिरून पुन्हा १००१ वर येईल तेव्हा. ३२ बिटांचं, सेकंदाला एकदा पुढे सरकणारं घड्याळ पूर्ण फिरायला किती वेळ घेतं? १३६ वर्षं. तेच घड्याळ सेकंदाला ३२७६८ ठोके मोजत असेल तर साधारण छत्तीस तास. म्हणून गजर लावल्यावर एकदा मोजणी पुन्हा वाचायची आणि वेळ निघून गेली असेल तर झोपायचंच नाही. किती साधी ओळ! पण ती ज्याने लिहिली नाही, त्याचं यंत्र जंगलात गप्प होईल. लोक म्हणतील बॅटरी संपली.

शेतातल्या यंत्रांसाठी आणखी एक बारकावा, थोडक्यात सांगतो. हाक दोन प्रकारची असते. एक क्षणभर वाजून संपते. दुसरी, दखल घेतली जाईपर्यंत तशीच राहते. खोल झोपेत पुष्कळ चिप पहिल्या प्रकारची हाक ओळखूच शकत नाहीत, कारण ती टिपायला चालू घड्याळ लागतं. विहिरीतल्या पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर जोडताना दुसऱ्या प्रकारची हाक निवडा.

आता तुमच्या खिशातला मोबाइल. पूर्ण यंत्र झोपवायचं असतं तेव्हा हीच फट डोंगराएवढी होते, कारण झोपायचा निर्णय घेणारा प्रोग्राम वर बसलेला आणि हाक येते ती खाली. निर्णय आणि झोप यांच्यात सेकंदही जाऊ शकतो. तेवढ्यात फोन आला तर? लिनक्सच्या जगात २०१० च्या सुमारास यावर मोठा वाद झाला. त्याच वर्षी पोलंडचे राफाएल विसोत्स्की यांनी जो मार्ग बसवला तो असा. जागं करणाऱ्या घटनांची एक मोजणी ठेवा. झोपवणाऱ्या प्रोग्रामने आधी ती मोजणी वाचायची, मग सगळी तपासणी करायची, आणि शेवटी तोच आकडा परत लिहायचा. मधल्या काळात एकही घटना घडली असेल तर आकडा जुळणार नाही, लिहिणं नाकारलं जाईल आणि यंत्र जागंच राहील. साल्टझर यांच्याकडे बिट होता, इथे आकडा आहे, एवढाच फरक.

इतकं सगळं माहीत असताना चुका थांबल्या का? नाही. २०२३ मध्ये, हो, इतक्या अलीकडे, लिनक्सच्या इंटेल प्रोसेसरांसाठीच्या भागात अशीच एक फट बुजवावी लागली. नव्या पद्धतीच्या झोपेच्या आज्ञेआधी इंटरप्ट सुरू होत होते आणि दोन्हींच्या मधे वाव राहिला होता. त्या वावात आलेला इंटरप्ट नवा गजर मागायचा, आणि प्रोसेसर तो गजर न लावता झोपून जाई. जगातले उत्तम प्रोग्रामर, हजारो डोळे, आणि तरीही.

असं का होतं? माझं उत्तर ऐका, पटलं नाही तर नंतर भांडा. कारण आपण वर्षानुवर्षं या चुकांवर पांघरूण घालत आलो. पूर्वी पुष्कळ संगणकांत सेकंदाला शंभर वेळा एक ठोका पडत असे, काम असो वा नसो. हाक हरवली तरी पुढच्या ठोक्याला, म्हणजे फार तर सेकंदाच्या शंभराव्या भागात, प्रोसेसर उठे आणि हरवलेलं काम सापडे. चूक होती, पण दिसत नव्हती. २००७ मध्ये लिनक्सने रिकाम्या वेळचा तो ठोका बंद करायला सुरुवात केली. बॅटरी वाचली, ते योग्यच झालं. पण ज्यांच्या प्रोग्राममध्ये फट होती, त्यांचं पांघरूण गेलं.

आजही लहान यंत्रं बनवणारे पुष्कळ लोक तेच करतात. यंत्र मधूनच अडकतं? दर दहा सेकंदांनी उगाच उठवा. किंवा वॉचडॉग लावा, अडकलं की पुन्हा सुरू होईल. मी वॉचडॉगच्या विरोधात नाही, तो प्रत्येक यंत्रात असलाच पाहिजे. पण ज्या चुकीचं कारण माहीत आहे, उपाय साठ वर्षांपासून माहीत आहे, आणि चिप घडवणाऱ्याने तो हातात आणून दिलेला आहे, तिच्यावर वॉचडॉग लावून पुढे जाणं हा कामचुकारपणा आहे. उगाच उठण्याने बॅटरी जाते, आणि फट तशीच राहते. अडकलेला पंप, न मोजलं गेलेलं मीटर, जंगलात गप्प झालेली कॉलर, यांचा भुर्दंड ज्याने प्रोग्राम लिहिला तो भरत नाही. तो शेतकरी भरतो, वनरक्षक भरतो.

म्हणून माझी दोन मागण्यांची यादी, आणि मग मी बसतो.

पहिली मागणी या जिल्ह्यातल्या आणि विदर्भातल्या तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांकडे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या चमूने ‘अजित’ हा प्रोसेसर घडवला, तो २०१९ मध्ये लोकांसमोर आला. आपल्या भाषेत विचार करणारी माणसं प्रोसेसर घडवतात, हे आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. तेव्हा मुलांना प्रोसेसर वापरायला शिकवता तसं त्याचं माहितीपुस्तक वाचायलाही शिकवा. झोपेच्या आज्ञेचं पान प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून घ्या. एक कळ, एक दिवा, एक आर्डुइनो द्या. मुद्दाम चुकीच्या क्रमाने प्रोग्राम लिहायला सांगा, दोन आज्ञांच्या मधे थोडा वेळ घालून फट रुंद करा, म्हणजे हरवलेली हाक डोळ्यांनी दिसेल. मग क्रम बरोबर करायला सांगा. डाइक्स्ट्राला जी चूक पुन्हा दाखवता येणार नाही याची धास्ती होती, ती एका तासिकेत दाखवता येते.

दुसरी मागणी ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत खरेदी करणाऱ्या प्रत्येकाकडे. पंपाचे नियंत्रक, सौरदिवे, पाण्याचे सेन्सर, मीटर आपण निविदा काढून घेतो. निविदेत वॉरंटी लिहितो, बॅटरी किती टिकावी हे लिहितो. त्याच पानावर एक ओळ वाढवा: यंत्र झोपेत जात असताना इंटरप्ट आला, तर तो हरवणार नाही याची तजवीज कशी केली आहे, ते पुरवठादाराने लेखी सांगावं. जो सांगू शकेल त्याचंच यंत्र घ्या.